फुरसुंगीचा फेणे आणि आम्ही खाडीकाठचे

खाडीकाठचा

फास्टर फेणेच्या साहसकथांचा अख्खा संच मे महिन्यात घरी आणला. निमित्त लेकीचं, पण वाचत मीच सुटलो आणि ती मागे लागली की बाबा, आता तरी द्या. तिचं वाचून होत आलंय. माझ्या डोक्यात मात्र काही गोष्टी घोळत राहिल्यात, त्या इथे टाकतो. फेणेचे लेखक भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्यावर अधिकारानं लिहिणारे पुष्कळ आहेत, ते काम माझं नाही. मूळ गाव अंजनवेल, नोकरी रत्नागिरीत, चाळिशी केव्हाच उलटलेली, अशा माणसाला ही वीस पुस्तकं आज काय देतात एवढंच बोलायचंय.

साहस म्हणाल तर ते आता तितकं चढत नाही. लबाड कोण ते तो पानावर आल्या आल्या कळतं. योगायोगांची तर रेलचेल. फेणे सुट्टीला कुठेही जावो, तिथे काहीतरी शिजत असतंच. असल्या मुलाला लोक पाहुणा म्हणून बोलवायचे तरी कसे, हा प्रश्न आता पडतो. दहाव्या वर्षी नव्हता पडला.

पण तेव्हा नुसती नजरेखालून गेलेली एक गोष्ट आता पानोपानी दिसते. हा मुलगा फुरसुंगीचा आहे. बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात विद्याभवनमध्ये. सुभाष देसाईसारखे शहरातले दोस्त मिळाले, सायकलवरून पुणं पालथं घालून झालं, पार नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) आघाडीपर्यंत जाऊन आला, तरी फुरसुंगी काही त्याच्या नावापासून सुटत नाही. तो गाव लपवत नाही आणि गावाच्या आठवणीनं गळेही काढत नाही. गाव आहे, बस्स.

आमच्याकडच्या मुलाला यात काय सापडलं असेल बघा. आम्ही बाहेर पडलो की गावाचं नाव गिळायचो. कुठला रे तू, तर "चिपळूणजवळचा". समोरच्याला अंजनवेल आणि चिपळूण यांच्यातलं अंतर ठाऊक नसणार हे गृहीत धरून. मुंबईला गेलेले तर सरसकट "रत्नागिरी साइड". पुढे एन्रॉनच्या प्रकल्पामुळे अंजनवेल, वेलदूर ही नावं रोज पेपरात यायला लागली आणि मग सगळेच छाती काढून अंजनवेलचे झाले, ती गोष्ट वेगळी. त्याआधीच कॉलेजच्या होस्टेलात मी "अंजनवेल" म्हणालो होतो. "हे कुठे आलं?" असं विचारल्यावर "दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी" असं ठणकावलं होतं, जणू दाभोळची खाडी माहीत नसणं हा त्याचा दोष. याचं सगळं श्रेय पुस्तकाला देत नाही, आमची आजीही त्याच जातकुळीतली होती. पण गावाचं नाव घेऊन पुण्यात ताठ वावरणारा मुलगा मला आधी पुस्तकात भेटला होता, हे खरं.

गंमत म्हणजे फुरसुंगी खरंच आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. लेखकानं मजेशीर वाटावं म्हणून रचलेलं नाव, अशी आमची ठाम समजूत. पुण्यात नोकरीला असताना एकदा स्वारगेटला बसवर "फुरसुंगी" अशी पाटी दिसली आणि मी तिथेच उभ्या उभ्या फेणेसारखं जिभेनं ट्टॉक् केलं. शेजारच्या बाई लांब सरकल्या.

आणखी एक. सहावीत असताना मी एक शंभरपानी वही भरली होती, "गोपाळगडावर फास्टर फेणे". फेणे एस्टीनं गुहागरला उतरतो, तिथून अंजनवेलला येतो, टाळकेश्वराजवळच्या दीपगृहावरून कुणीतरी खुणेचे दिवे दाखवतंय असा त्याला संशय येतो, आणि किल्ल्याच्या खंदकात चांदीच्या विटा सापडतात. इथवर ठीक होतं. मग सायकलचा घोटाळा झाला. आमच्याकडे पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, फेणेला सायकल उचलूनच न्यावी लागली असती. म्हणून त्याला होडीत बसवला, तर फुरसुंगीच्या मुलाला वल्हवता येईल का अशी शंका आली. म्हणून एक स्थानिक मित्र घातला, जो वल्हवतो, ज्याला भरती-ओहोटी कळते, ज्याला भंडाऱ्यांच्या वाडीतली आडवाट माहीत आहे. वही संपेपर्यंत सगळी कामगिरी त्या मित्रानंच उरकलेली आणि फेणे मागे बसून ट्टॉक् करण्यापुरता उरलेला. मित्राचं नाव अर्थातच माझंच.

आज वाटतं, ही पुस्तकं माझ्यापाशी राहिली ती या ढिलाईमुळे. भागवतांनी त्याला इतका किडकिडीत, इतका साधा ठेवलाय की शेजारी कुणीही उभं राहू शकतं.

तुमच्यासाठी तो आज काय आहे? ज्यांना आता वाचवत नाही त्यांनीही लिहा.

पागोळी

वाखु (वाचनखूण) साठवली!

"अख्खा संच" इथेच मी अडखळले. आमच्याकडे देवरुखात संच ही कल्पनाच नव्हती. वाचनालयाच्या कपाटात जो भाग असेल तो, आणि मे महिन्यात मुंबईहून येणारा आतेभाऊ आणेल तो. त्यामुळे माझा फेणे आधी युद्धावर गेला आणि मग कधीतरी शाळेत दाखल झाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरं म्हणजे गळालेली पानं. पावसाळ्यात ओल धरायची, शिवण सुटायची, उरलेलं कसर खायची. शेवटचा फॉर्मा नाही अशी पुस्तकं निम्मी तरी असतील. ज्यांचा शेवट शाबूत होता त्यांच्या सुरुवातीलाच कुण्या पुण्यवंतानं पेन्सिलीनं "हाच चोर" असं लिहून बाण काढलेला. त्या हस्ताक्षराचा माणूस मी अजून शोधतेय.

एका भागाचा शेवट मिळाला नाही म्हणून मीच रचला आणि पडवीत भावंडांना सांगितला. तोच आमच्या घरात खरा म्हणून चालत राहिला. लग्नानंतर कधीतरी छापील शेवट वाचला. माझा बरा होता.

पुणेरी चष्मा

लेख छान. थोडी भर.

फुरसुंगी म्हणजे हडपसर ओलांडलं की आलंच. आज तिथे आयटीच्या इमारती आहेत, आणि उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो पेपरात गाजत असतो. त्यामुळे पुण्यातल्या आजच्या मुलाला फुरसुंगी म्हटलं की फेणे आठवेल याची खात्री नाही.

चित्रांचा उल्लेख कसा राहिला? राम वाईरकरांचा फेणे डोक्यात बसलेला असल्यामुळे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन दिसला तेव्हा मी आधी नाक मुरडलं आणि मग त्याचाच झालो. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे मोठा करून वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आणला, आणि दिलीप प्रभावळकरांना चक्क भा. रा. भागवत केलं. लेखकालाच गोष्टीत बसवायची ही कल्पना मला आवडली. बाकीच्या चित्रपटात रक्तपात जरा जास्तच.

खाडीकाठचा

@पागोळी, तुमचा शेवट इथे लिहा की!

@पुणेरी चष्मा, तुम्हाला हडपसरहून दिसते ती फुरसुंगी आणि आम्हाला अंजनवेलहून दिसायची ती, या दोन वेगळ्या. वाईरकरांचं मान्य, ते राहिलंच. त्या चित्रांत फेणे सहसा एका जागी उभा नसतो, कुठेतरी निघालेला असतो.

अर्धा फणस

मी विरुद्ध बाजूचा. लहानपणीची पुस्तकं मोठेपणी उघडूच नयेत. आंब्याची आठवण काढत श्रावणात आंबापोळी चघळण्यातला प्रकार आहे तो.

मी फेणे पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. मुलगा अतिहुशार, प्रत्येक इन्स्पेक्टर सभ्य, शेवटी शाबासकी ठरलेली. खऱ्या आयुष्यात पोराटोरांचं ऐकतं कोण? आमच्या गावात मोठ्यांच्या बोलण्यात पोरानं तोंड घातलं तर पाठीत धपाटा बसायचा.

त्यापेक्षा ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मोठेपणी जास्त टिकतो, असं माझं मत. तिथे चोर-दरोडेखोरांच्या मागे धावाधाव नाही. एक मुलगा घरात, शाळेत, शेजारात कसा वागतो एवढंच, आणि तेवढ्यावर पान उलटत राहतं. दूरदर्शनवर मालिका लागायची तेव्हा "बीज अंकुरे अंकुरे" सुरू झालं की आमच्या आळीतला एकमेव टीव्ही असलेल्या घराची ओटी भरून जायची. ते गाणं आजही पुरतं.

सुरंगी

अर्धा फणस, उघडू नयेत म्हणता आणि उघडून बघितलंत हेही सांगता :)

मी हर्णैची. मला वेगळंच सांगायचंय. या मालिकेत मुली किती? मामेबहीण माली आहे, आणि ती बरी आहे, पण मोहिमेवर निघायची वेळ आली की मुलगेच पुढे. लहानपणी मला हे खुपलंच नाही. मी सरळ फेणेच व्हायचे. बंदरावर लिलाव चालू असताना टोपल्यांमधून वाट काढत पळायचं आणि मनात म्हणायचं, पाठलाग चाललाय. मी मुलगी आहे हे कुणी आठवण करून देईपर्यंत प्रश्न नव्हता. आठवण करून द्यायला माणसं कमी नव्हती, ते असो.

माझी लेक मात्र वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, मालीला मागे का ठेवलं? कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलेली पुस्तकं आहेत वगैरे मी सांगितलं. तिला पटलं नाही. पटायला हवं असंही नाही. आता ती मालीला घेऊन स्वतःची गोष्ट लिहितेय, तुमच्या त्या वहीसारखीच. त्यात फेणेला ताप आलाय.

अवांतर: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, आमची नारळी-पोफळी आडवी झाली, छपराचे पत्रे उडाले. वीज यायला किती काळ गेला ते हर्णै-दापोलीकडच्यांना विचारा. मोबाईल बंद, मग कपाटातून पुस्तकं निघाली. हाताला पहिलं लागलं ते "चक्रीवादळात फास्टर फेणे". लेक म्हणाली, आई, हे आत्ता नको.

दापोलीकर

सुरंगीताई, हसून मेलो.

आमच्या तालुक्याला आणखी एका मुलाचं ओझं आहे ते कुणी बोलतच नाहीये. पालगडचा श्याम. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं, पण घडतं सगळं आमच्या अंगणात. त्यामुळे आमच्याकडे मुलगा चुकला की घरातलं कुणीतरी श्याम काढायचंच. शाळेची सहल पालगडला. वक्तृत्व स्पर्धेत श्याम. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनाला... वगैरे पाठ होतं. मला ते पुस्तक प्रिय आहे, गैरसमज नको. पण श्याम वाचला की आपण कमी पडतोय असं वाटायचं. फेणे वाचला की चप्पल पायात सरकवून बाहेर पडावंसं वाटायचं. दोन्ही लागतात. दहाव्या वर्षी कुठलं जास्त लागतं ते माझ्या आईला कधी सांगितलं नाही.

नारळपोफळ

धागा हलकाफुलका चाललाय, त्यात हे टाकावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. आम्हा मुलांचा आवडता खेळ म्हणजे स्मगलर पकडणे. किनारपट्टीवर मोठ्यांच्या गप्पांत चांदी, घड्याळं, कापड हे विषय असायचेच, त्यामुळे खेळाला खतपाणी भरपूर. कागदाची सुरळी करून दुर्बीण, आणि एक वही. वहीत होड्यांची नावं, शिडाचा रंग, कुठल्या वेळेला आली, कुठल्या वेळेला गेली. फेणे असता तर त्यानं असंच केलं असतं, हा आमचा हिशेब. मी तेव्हा बारा वर्षांचा.

१९९३ च्या सुरुवातीला शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. मग आमच्या तालुक्यातल्या, शिमग्याच्या पालख्यांसाठी माहीत असलेल्या गावांची नावं देशभर गेली. गाड्याच गाड्या, चौकशा, संध्याकाळनंतर समुद्राकडे फिरकायचं नाही. आईनं माझी वही चुलीत घातली. वहीत काही नव्हतं. दालदी मच्छीमारांच्या होड्या आणि आमच्याच शेजाऱ्यांची पगारं, म्हणजे छोट्या होड्या. पण आईला ती घरात नको होती, आणि आज मी बाप झाल्यावर तिचं मला पूर्ण कळतं.

त्यानंतर फेणे मी हातात घेतला नाही. खेळणं बंद झालं, तसं वाचणंही. पुस्तकात संशयास्पद होडी म्हणजे मजा असते. आमच्या मुंबईतल्या एका नातेवाइकाचा पाय त्या मार्चमध्ये गेला.

मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा बायकोनं वाचनालयातून आणलं म्हणून पुन्हा वाचायला बसलो, त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला. आणि मला पुस्तकातली मोठी माणसं दिसायला लागली. मास्तर, मामा, फौजदार. वर अर्धा फणस म्हणतात तेच, सगळे सभ्य. मुलगा धापा टाकत येतो, काहीतरी विचित्र सांगतो, आणि समोरचा माणूस आधी ऐकून घेतो. मग विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही, पण ऐकतो. हे खोटं आहे हे मला माहीत आहे. तरी मुलाला वाचून दाखवताना मी ती वाक्यं जरा सावकाश वाचतो. माझ्यासाठी ही पुस्तकं आता फेणेची नाहीतच, त्याचं ऐकून घेणाऱ्यांची आहेत.

खाडीकाठचा

दोन दिवस विचार करून टाकलंत, बरं केलंत. मी वहीत गोपाळगडावर चांदी उतरवली होती ती अशाच ऐकीव गप्पांवरून. त्र्याण्णव सालापर्यंत वही कधीच मागे पडली होती. पण आमच्याकडेही त्यानंतर पोरांना जेट्टीवर रात्री थांबू देत नसत, हे तुमचं वाचताना आठवलं.

अर्धा फणस

सभ्य इन्स्पेक्टरांचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण नारळपोफळ यांनी तो उलटा धरून दाखवला तसा मला सुचला नसता. माझ्या मुलानं काल काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मी मोबाईलमधून मान वर केली नाही, हे आत्ता ध्यानात आलं. बाकी मत तेच. गोट्या उजवा.

गजालीकार

गजाल अशी हा, आमच्याकडे फेणे उशिरा इलो, व्हर्न आधी इलो. आता शुद्धात लिहितो, नाहीतर पुणेरी चष्मा चष्मा पुसत बसतील.

सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालापासूनचं. मी वेंगुर्ल्याचा, पण मामाचं घर सावंतवाडीत, त्यामुळे सुट्टीत मामाच्या कार्डावर पुस्तकं. तिथे मला भागवत भेटले ते ज्यूल व्हर्नचे अनुवादक म्हणून. "चंद्रावर स्वारी", "पाताळलोकची अद्भुत यात्रा". समुद्राखालच्या पाणबुडीची गोष्ट वेंगुर्ल्याच्या बंदरावर बसून वाचायची, समोर लांबवर वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह. त्या वयात मला व्हर्न हा भागवतांचाच कुणी मित्र असावा असं वाटायचं. मराठीत इतका सरळ बोलणारा माणूस फ्रेंच कसा असेल?

फेणे नंतर वाचला तेव्हा माझी तक्रार एकच होती, यात समुद्र कमी. आजही तीच आहे. खाडीकाठचा यांची वही मिळाली तर छापा. समुद्राची गोष्ट समुद्राकाठी बसान वाचूची मजा काय ती माका इचारा.

पुणेरी चष्मा

चष्मा पुसून झाला. इलो, गेलो येवढं कळतं आम्हाला.

मास्तर

मी लांज्याकडे प्राथमिक शाळेत आहे. वर्गात पुस्तकपेटी ठेवतो, त्यात फेणेचे काही भाग आहेत. वर "आताची मुलं वाचत नाहीत" असं कुणी लिहिलं नाही, त्याबद्दल आधी सगळ्यांचे आभार.

वाचतात. पण अडतात कुठे ते सांगतो. त्यांना साहस खोटं वाटत नाही, फोन नसणं खोटं वाटतं. फेणेनं सुभाषला कॉल का नाही केला, हा दरवर्षीचा पहिला प्रश्न. तार आली म्हटलं की कुठली तार, विजेची का? देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, म्हणजे माझ्या वर्गातलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. मी आता आधी एक तास नुसता तार, ट्रंककॉल, पोस्टकार्ड यांवर घेतो. मुलांना तोच तास जास्त आवडतो. एकानं विचारलं, म्हणजे घरातून निघालं की संध्याकाळपर्यंत आईला काहीच कळायचं नाही? नाही, म्हटलं. वर्गात एकदम कुजबुज. जंगलात वाघ दिसला त्यापेक्षा याचं त्यांना जास्त नवल.

तेव्हा खाडीकाठचा यांच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. तुम्हाला त्यात गाव दिसतं, मला त्यात मोकळा दिवस दिसतो. आमच्या वाडीतल्या मुलांना अजून थोडा मिळतो तसा. सड्यावर करवंदं काढायला गेलेली मुलं तिन्हीसांजेलाच उगवतात. शहरातल्या माझ्या भाच्याचा दिवस तासातासानं वाटलेला आहे, त्याला फेणे वाचायला दिला तर तो म्हणतो, याचे क्लास कधी असतात?

वाशिष्ठी

मास्तर, भाच्याला सांगा, फेणेचा क्लास बाराही महिने सुटलेला असतो.

चिपळूणची आहे. इथे पुस्तकांबद्दल बोलायचं तर पुराबद्दल बोलावंच लागतं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, आमच्या घरातल्या प्रत्येकाचं कार्ड तिथलं. २००५ च्या जुलैत पाणी शिरलं, तेव्हा पुस्तकं गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळा लोकांनी हात लावला आणि वाचनालय पुन्हा उभं राहिलं. चिखलातून काढलेलं पुस्तक ज्यांनी हातात धरलंय त्यांना सांगायला नको, ते उघडतच नाही, एक वीटच होते.

घरी तळमजल्यावरचं सगळं गेलं. फ्रीज, धान्य, सासूबाईंचं शिवणयंत्र आणि पुस्तकांची दोन्ही कपाटं. मग यादी करायला बसलो. आधी गॅस, मग गाद्या, मग मुलाची शाळेची पुस्तकं. नवऱ्यानं विचारलं, अजून काय? माझ्या तोंडून निघालं, फेणे. तो बघत राहिला. कथासंग्रह होते, कादंबऱ्या होत्या, लग्नात मिळालेली ज्ञानेश्वरी होती, त्यातलं काही सुचलं नाही.

का, याचा विचार नंतर केला. नीट उत्तर सापडलं नाही. एवढं मात्र खरं की त्या आठवड्यात गंभीर काही वाचायची ताकदच नव्हती, आणि ज्यात सगळं ठीक होणार हे आधीपासून माहीत आहे असं काहीतरी हवं होतं. अर्धा फणस ज्याला "शाबासकी ठरलेली" म्हणून नावं ठेवतात, मला तेच पाहिजे होतं. नवे भाग वरच्या मजल्यावर ठेवलेत. आमच्याकडे आता घरात काय कुठे ठेवायचं ते पाण्याच्या खुणेवरून ठरतं.

अर्धा फणस

वाशिष्ठीताई, नावं ठेवतो हे खरं, पण तुमच्यापुढे नाही ठेवत.

सुरंगी

एक व्यावहारिक प्रश्न. भाचा नऊ वर्षांचा होतोय, मुंबईत वाढलाय, मराठी बोलतो पण वाचायला कंटाळतो. कुठल्या भागापासून सुरू करू?

मास्तर

क्रमाच्या मागे लागू नका, पागोळीताईंनी उलटासुलटा वाचूनही काही बिघडलं नाही. "प्रतापगडावर फास्टर फेणे" द्या. किल्ला त्यानं पाहिलेला असेल तर उत्तम, नसेल तर नंतर दाखवता येतो. पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि ऐन रंगात "मला भाकऱ्या करायच्यात" म्हणून उठा. पुढचं तो वाचतो. पोळ्या म्हणालात तरी चालेल.

आणि आता माझी मागणी. पेटीतल्या तीन भागांची पानं उंदरांनी खाल्लीत. कुणाकडे जुने, वापरलेले, पण शेवट शाबूत असलेले भाग पडून असतील तर कळवा. पेन्सिलीनं चोर दाखवलेले नकोत.

पागोळी

माझ्याकडे दोन आहेत. एकाचा शेवट नाही, पण माझा लिहून चिकटवून देते. चालेल?

मास्तर

तो आधी पाठवा.

खाडीकाठचा

मी येत्या शनिवारी रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणार आहे, पाली स्टँडवर उतरून लांज्याच्या गाडीत पार्सल ठेवता येईल. पागोळी, तुम्ही तुमचे दोन भाग देवरुखहून शुक्रवारपर्यंत रत्नागिरीला पोचते केलेत तर एकत्रच पाठवतो. मास्तर, शाळेचा पत्ता इथे उघड्यावर नको, निरोपातून टाका. आणि गजालीकार, वही माळ्यावर आहे की वाळवीनं खाल्ली ते गणपतीत गावी गेल्यावरच कळेल.

गजालीकार

गणपतीपर्यंत थांबतंय. पण त्या मित्राचा नाव बदलू नको हां.